शक्यतेची रूपे : इंग्रजी सहायक क्रियापदे आणि मराठी मिश्र वाक्य

१

इंग्रजीतील ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’ आणि ‘कुड’ या चार सहायक क्रियापदांचा अर्थ मराठीत सांगावयाचा झाला म्हणजे सामान्यतः ‘शकणे’ हे एकच क्रियापद पुढे केले जाते. भाषांतराच्या द्वारे इंग्रजी शिकविण्याची जी परंपरा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून चालत आली, तिला हे समीकरण सोयीचे होते. आज मात्र ते शाळेच्या वहीपुरते राहिलेले नाही. वृत्तपत्रे, शासकीय पत्रके आणि भाषांतरित ग्रंथ यांच्या मराठीतही त्याचा प्रवेश झाला आहे. ‘उद्या पाऊस पडू शकतो’, ‘तो कालच गावी पोचलेला असू शकतो’, अशी वाक्ये आता वाचकांस खटकेनाशी झाली आहेत. या समीकरणाची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परीक्षेचे क्षेत्र साधे वाक्य हे नसून मिश्र वाक्य हे आहे. शक्यतेच्या अर्थाचे स्वरूप एकेकट्या क्रियापदावरून कळत नाही; गौण वाक्य आणि प्रधान वाक्य यांच्या परस्परसंबंधातच ते उघड होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

उदाहरणांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या व्यवहारात सहज बोलली जातील अशी वाक्ये योजिली आहेत. यामागे केवळ सोय नाही. या तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर, रतनवाडी हा सह्याद्रीच्या माथ्याजवळचा अतिवृष्टीचा पट्टा आहे. तेथून पूर्वेस अकोले गावाकडे यावे तसतसा पाऊस कमी होत जातो. आणि मध्ये प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. पाऊस येईल काय, ओढा उतरला असेल काय, धरण भरले असावे काय, दरड सुटेल काय, हे येथील पावसाळ्यातील रोजचे प्रश्न होत. शक्यता ही तर्कशास्त्राच्या पुस्तकातील एक कोटी आहेच. पण पेरणी, लावणी आणि प्रवास यांचे निर्णयही तिच्याच आधारे होतात, आणि अशा प्रदेशाच्या भाषेत तिची रूपे ठळकपणे दिसतात. वाक्ये प्रमाण मराठीत दिली आहेत. बोलीत ‘असेल’चा उच्चार ‘असंल’ असा होतो, परंतु त्यामुळे रचनेत काही फरक पडत नाही.

२

प्रथम शक्यतेचे दोन प्रकार वेगळे करणे अवश्य आहे. ‘हा ओढा तासाभरात भरू शकतो’ या वाक्यात ओढ्याच्या स्वभावाविषयी विधान आहे. डोंगराचा उतार, पाणलोटाचा विस्तार, पात्राची अरुंदता या वस्तुस्थितीतून ती शक्यता निर्माण होते. बोलणाऱ्याला आज ओढ्याची काय अवस्था आहे हे ठाऊक असो वा नसो, विधान खरे राहते. ‘ओढा आता भरला असेल’ या वाक्याची गोष्ट निराळी. ओढा एक तर भरला आहे किंवा भरलेला नाही. अनिश्चितता ओढ्यात नसून बोलणाऱ्याच्या ज्ञानात आहे. पहिल्या प्रकाराला वस्तुगत शक्यता आणि दुसऱ्याला तर्कगत शक्यता म्हणता येईल.

हा भेद आधुनिक तर्कशास्त्रात आणि भाषाशास्त्रात सुप्रतिष्ठित आहे. फिनलंडचे तत्त्वज्ञ फोन राइट यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ज्ञानविषयक आणि कर्तव्यविषयक प्रकार स्वतंत्रपणे मांडले. फ्रँक पामर यांचा १९७९ मधील आणि जेनिफर कोट्स यांचा १९८३ मधील ग्रंथ यांनी इंग्रजी सहायक क्रियापदांच्या वर्णनात या भेदाचा विस्ताराने उपयोग केला. अँजेलिका क्रात्सर यांनी १९७७ मध्ये वेगळी दिशा दाखविली. त्यांच्या मते सहायक क्रियापदाचा गाभा एकच असतो. शक्यता कोणत्या आधारावर सांगितली आहे, ज्ञानाच्या, नियमाच्या की परिस्थितीच्या, हे संदर्भ पुरवितो. इंग्रजीच्या बाबतीत हे मत विशेष पटण्याजोगे आहे. ‘मे’ हा शब्द अनुमतीही सांगतो आणि अंदाजही सांगतो. शब्दाच्या रूपात त्याची काही खूण नसते.

इंग्रजी सहायक क्रियापदांचा वर्ग बांधला गेला आहे तो रूपाच्या आधारावर. त्यांना तृतीय पुरुषी एकवचनाचा प्रत्यय लागत नाही, त्यांचे धातुसाधित रूप होत नाही, नकार त्यांच्या पाठोपाठ सरळ येतो. रूपाने ती एकजात आहेत. अर्थाने मात्र त्यांतील प्रत्येकाची दोन-तीन तरी कामे आहेत. मराठीची व्यवस्था याच्या उलट आहे. येथे अर्थाचे भेद रूपातच दिसतात. वस्तुगत शक्यतेसाठी ‘चढू शकतो’, ‘चढता येते’ आणि ‘चढवते’ अशा तीन रचना आहेत. त्यांतील पहिलीत कर्ता प्रथमेत राहतो. दुसरी व तिसरी यांत तो चतुर्थीत जातो : ‘आजोबांना आता कळसूबाई चढवत नाही’. तर्कगत शक्यतेसाठी ‘असेल’ आणि ‘असावा’ ही रूपे आहेत. त्यांतील ‘असेल’ हे पुरुष व वचन यांनुसार बदलते, तर ‘असावा’, ‘असावी’, ‘असावे’ हे लिंग व वचन यांनुसार. इंग्रजीत जे काम एका अविकारी शब्दावर सोपविलेले आहे, ते मराठीत क्रियापदाच्या विकारांनी आणि विभक्तींनी वाटून घेतले आहे.

३

इतकी समृद्ध व्यवस्था असूनही तिचे एकत्रित वर्णन मराठी व्याकरणात सहसा आढळत नाही, याचे कारण व्याकरणग्रंथांच्या मांडणीत शोधले पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या दोन ग्रंथांच्या दरम्यान आणि नंतरही जी परंपरा दृढ झाली, तिने क्रियापदाचा विचार काळ आणि अर्थ या दोन सदरांखाली केला, आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ शालेय व्याकरणात रूढ झाले. शक्यतेला या चौकटीत स्वतंत्र घर मिळाले नाही. कर्तव्य, योग्यता, इच्छा यांच्या सोबतीने ती विध्यर्थाच्या यादीत एक पोट-अर्थ म्हणून बसली.

परिणाम असा झाला की, ‘असेल’ भविष्यकाळाच्या प्रकरणात गेले, ‘असावा’ विध्यर्थात गेले, ‘चढू शकतो’ संयुक्त क्रियापदांत गेले, ‘चढवते’ शक्य क्रियापद या नावाने क्रियापदांच्या प्रकारांत गेले, ‘कदाचित’ क्रियाविशेषण अव्ययांत, आणि ‘जर-तर’ उभयान्वयी अव्ययांत. एकाच अर्थक्षेत्रातील सहा साधने सहा ठिकाणी विखुरली. ज्या विद्यार्थ्याने हे व्याकरण मन लावून पाठ केले, त्यालाही ‘मे’ला मराठीत काय म्हणावे असे विचारले असता ‘शकणे’ आठवावे, यात नवल नाही. कारण ‘शक्य’ या शब्दाशी नात्याने जवळचे असे तेच एक क्रियापद त्याला ठाऊक असते. दोष दामल्यांसारख्या साक्षेपी वैयाकरणाचा नव्हे. त्यांच्या ग्रंथाचा आवाका आणि त्यांतील उदाहरणांची विपुलता यांस आजही तोड नाही. दोष रूपावरून अर्थाकडे जाणाऱ्या आणि अर्थावरून रूपाकडे कधीच न परतणाऱ्या पद्धतीचा आहे. अरविंद मंगरूळकर यांच्या १९६४ मधील ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या ग्रंथाने इंग्रजी व संस्कृत साच्यांच्या ओझ्याकडे लक्ष वेधले. पण शक्यतेच्या प्रांतात तो पुनर्विचार पुढे चालविण्याचे काम बरेचसे शिल्लक आहे.

४

आता मिश्र वाक्यातील एकेक स्थान घेऊन पाहावे.

पहिले स्थान संकेताचे, म्हणजे ‘जर’च्या वाक्याचे. इंग्रजीत तर्कगत ‘मे’ या स्थानी सहसा येत नाही. पाऊस पडण्याचा नुसता संभव सांगावयाचा असला तरी ‘इफ इट रेन्स’ असेच म्हणतात, ‘इफ इट मे रेन’ असे म्हणत नाहीत. वस्तुगत ‘कॅन’ मात्र तेथे निर्वेधपणे येतो. मराठीत याच स्थानी तीन पायऱ्या आढळतात : ‘पाऊस पडला तर लावणी होईल’; ‘रात्री वर पाऊस पडला असेल तर सकाळी नदीला पाणी येईल’; ‘पाऊस पडला असता तर लावणी झाली असती’. पहिल्या वाक्यातील घटना अजून व्हावयाची आहे, तरी क्रियापद भूतकाळी रूपाचे आहे. दुसऱ्यातील घटना होऊन गेली आहे किंवा नाही हे ठरलेले आहे, केवळ बोलणाऱ्याला ते कळलेले नाही. तिसऱ्यातील घटना झालेली नाही, हे ठाऊक आहे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. ‘पडला असेल तर’ हे निर्दोष आहे, परंतु ‘पडला असावा तर’ असे कोणी मराठी भाषक म्हणणार नाही. साध्या वाक्यात ‘पाऊस पडला असेल’ आणि ‘पाऊस पडला असावा’ ही जवळजवळ समानार्थी वाटतात, आणि बहुतेक वर्णनांत त्यांना तसेच मानले जाते. संकेतवाक्याची कसोटी लावताच ती वेगळी होतात. विशेषणवाक्यातही हाच अनुभव येतो : ‘ज्याने भात लावला असेल त्याने बांध तपासावा’ हे वाक्य नीट आहे, त्यात ‘लावला असावा’ घालून पाहिले तर वाक्य मोडते. यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, ‘असावा’ हे बोलणाऱ्याच्या अनुमानाचे रूप आहे. रस्ता ओला दिसला, ओढ्याचे पाणी गढूळ दिसले, असा काही पुरावा हाती असल्यावर मनुष्य ‘पडला असावा’ म्हणतो. अनुमान हे विधान आहे, आणि जे अजून विधान म्हणून मांडलेलेच नाही अशा गृहीतकात ते बसत नाही. ‘असेल’चा गाभा अनुमानाचा नसून केवळ अनिर्णयाचा आहे, म्हणूनच ते विधानातही चालते आणि गृहीतकातही. इंग्रजी तर्कगत ‘मे’ या बाबतीत ‘असावा’च्या पंक्तीला बसतो, ‘असेल’च्या नव्हे. ‘शकणे’शी तर त्याचे या स्थानी काहीच साम्य नाही.

दुसरे स्थान नामवाक्याचे. ‘धरण भरू शकते हे त्याला माहीत आहे’ हे वाक्य सहज आहे; ‘धरण भरले असावे हे त्याला माहीत आहे’ हे अवघडते; ‘धरण भरले असावे असे त्याला वाटते’ हे पुन्हा सहज होते. वस्तुगत शक्यता ज्ञानाचा विषय होते, तर्कगत शक्यता ‘वाटण्या’चा. परोक्ष कथनात आणखी एक प्रश्न उभा राहतो : अंदाज कोणाचा? पाटकऱ्याने धरणाविषयी काही सांगितले आणि ते इंग्रजीत ‘ही सेड द डॅम माइट बी फुल’ असे नोंदविले, तर ‘माइट’ हे ‘मे’चे काळानुसार झालेले भूतरूप आहे, की पाटकऱ्यानेच तितका मोघम शब्द वापरला होता, हे कळत नाही. मराठीत प्रधान वाक्य भूतकाळी आहे म्हणून गौण वाक्याचा काळ बदलत नाही. ‘धरण भरले असावे, असे पाटकरी म्हणाला’ यात अनुमान पाटकऱ्याचे, त्याच्याच शब्दांत, राहते. सांगणाऱ्याला आपली जबाबदारी वेगळी ठेवावयाची असेल तर तो ‘धरण भरले म्हणे’ असे म्हणतो. ‘म्हणे’ला इंग्रजी सहायक क्रियापदांत प्रतिरूप नाही.

तिसरे स्थान हेतूचे. भंडारदऱ्याचे धरण प्रवरेच्या खालच्या अंगाच्या अवर्षणग्रस्त भागास ‘पाणी मिळावे म्हणून’ बांधले गेले. इंग्रजीत येथे ‘सो दॅट’ नंतर ‘मे’ किंवा ‘माइट’ येतो. मराठीत ‘-आवे’ हे एकच रूप इच्छा आणि संभव या दोन्ही छटा सांभाळते. भाषांतरकार ‘पाणी मिळू शकावे म्हणून’ असे लिहितो तेव्हा तो एका प्रत्ययाने साधलेले काम दोन क्रियापदांवर लादतो, आणि अर्थात भर काही पडत नाही.

चौथे स्थान भीतीचे किंवा सावधगिरीचे. आणि येथे मराठीचे जे खास रूप आहे त्याची भाषांतरात फारशी आठवण ठेवली जात नाही. ‘न जाणो, रात्री ओढ्याला पूर यायचा, म्हणून गुरे अलीकडेच बांधली’. ‘पाय घसरायचा म्हणून तो काठी टेकीत गड उतरला’. ‘यायचा’, ‘घसरायचा’ हे रूप नको असलेल्या शक्यतेचे आहे. ‘जपून, पडशील!’ यातील भविष्यकाळही त्याच जातीचा. इंग्रजीत या ठिकाणी ‘लेस्ट’ किंवा ‘इन केस’ यांच्या मागे ‘शुड’ वा ‘माइट’ येतो, आणि त्यातील भीती संदर्भावरून ओळखावी लागते. मराठीत ती क्रियापदाच्या रूपातच आहे. ‘पाय घसरू शकतो म्हणून’ असे लिहिल्याने वाक्य चुकत नाही. परंतु त्यातील चिंता नाहीशी होऊन ते यंत्राच्या माहितीपुस्तकातील सूचनेसारखे होते.

पाचवे स्थान अनुमोदनपूर्वक विरोधाचे. ‘असेल तो मोठा बागाईतदार, पण पाण्याची पाळी त्याला मोडता येणार नाही.’ येथे बोलणाऱ्याला बागाईतदाराच्या मोठेपणाविषयी शंका नाही. ती गोष्ट तो वादापुरती मान्य करून बाजूला सारतो. इंग्रजीतही ‘ही मे बी रिच, बट’ या रचनेत ‘मे’चा अर्थ शक्यतेचा उरत नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या आरंभी आणून हा भाव अधिक ठसठशीत केला जातो. याचे ‘तो मोठा बागाईतदार असू शकतो, पण’ असे भाषांतर केले तर जे मान्य केले होते तेच संशयास्पद ठरते, आणि वादाची दिशा बदलते.

५

नकार आणि भूतकाळ या दोन ठिकाणी ‘शकणे’चे समीकरण केवळ बेढब न राहता अर्थाचा अनर्थ करते.

इंग्रजीत तर्कगत ‘मे नॉट’ मधील नकार मुख्य क्रियेला लागतो, तर ‘कॅनॉट’ मधील नकार शक्यतेलाच लागतो. मराठीत हा भेद ‘पाऊस न पडण्याची शक्यता आहे’ आणि ‘पाऊस पडण्याची शक्यता नाही’ या दोन वाक्यांत स्पष्ट आहे. पहिल्या वाक्यावरून शेतकरी रोपाला पाणी देण्याची तजवीज करून ठेवील. दुसऱ्यावरून तो लावणीच पुढे ढकलील. ‘मे नॉट’ला ‘पडू शकत नाही’ असे म्हटले की पहिल्या वाक्याचे दुसरे होते. एखादा मनुष्य कदाचित येणार नाही, एवढेच मूळ वाक्यात असताना ‘तो येऊ शकत नाही’ असे छापले गेले, तर संभाव्य अनुपस्थितीचे रूपांतर असमर्थतेत झाले, असे म्हणावे लागते.

भूतकाळात आणखी सूक्ष्म अडचण आहे. ‘तो तरुणपणी कळसूबाई चढू शकत असे’ यात सामर्थ्य सांगितले आहे. प्रत्यक्ष चढला किंवा कसे, हा प्रश्न मोकळा आहे. ‘तो कळसूबाई चढू शकला’ यात तो चढला, हे सांगून झाले आहे. शक्यतावाचक क्रियापदाच्या पूर्ण रूपातून प्रत्यक्ष घटना सूचित होण्याचा हा प्रकार राजेश भट यांनी १९९९ मधील आपल्या प्रबंधात हिंदीच्या आधारे चर्चिला आहे. मराठीलाही तो लागू पडतो. इंग्रजी ‘कुड’ सामान्यतः पहिल्या अर्थाचा आहे. त्यास सरसकट ‘शकला’ म्हणणे म्हणजे न घडलेली किंवा घडल्याचे न सांगितलेली गोष्ट घडल्याचे सांगणे होय.

या सर्वांत गंभीर प्रसंग ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ यांचा. जलाशयात उतरलेल्या मनुष्याविषयी ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ असे वाक्य आले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. तो अद्याप सापडलेला नाही आणि त्याचा बुडून मृत्यू झाला असण्याचा संभव आहे, हा एक. तो वाचला, परंतु थोडक्यात, हा दुसरा. इंग्रजीत पुढील-मागील वाक्यांवरून निर्णय करावा लागतो. मराठीत ‘बुडला असावा’ आणि ‘बुडला असता’ यांच्यात एका रूपाचा भेद आहे, आणि त्या भेदात एका कुटुंबाचा शोक अथवा सुटका सामावलेली आहे. ‘तो बुडू शकला असता’ असे शब्दाला शब्द लावून केलेले भाषांतर दुसऱ्या अर्थाकडे झुकते. मूळ वाक्य पहिल्या अर्थाचे असेल तर या भाषांतराने खोटी आशा पसरेल. ज्या भाषेकडे हा भेद व्यक्त करण्याचे साधन आहे, तिच्यात तो गाळला जाणे हे शैलीपुरते न्यून मानता येत नाही.

६

‘शकणे’चा होत असलेला विस्तार भाषेच्या स्वाभाविक वाढीतलाच आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. इंग्रजी ‘मे’ मुळात सामर्थ्यवाचक होता. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’ असा होता. सामर्थ्यापासून संभवाकडे अर्थाचा प्रवास जगातील अनेक भाषांत झालेला दिसतो. मग ‘शकणे’ने तोच मार्ग धरला तर हरकत कोणती?

याचे उत्तर दोन्ही भाषांच्या इतिहासातील फरकात आहे. इंग्रजीत क्रियापदाची संभावनार्थी रूपे झिजत गेली आणि त्यांच्या जागी सहायक क्रियापदे प्रस्थापित झाली, असे सामान्यतः मानले जाते. एका साधनाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. मराठीत अशी उणीव नाही. ‘असेल’, ‘असावा’, ‘यायचा’, ‘म्हणे’ ही रूपे शिवारात, बाजारात आणि घरात आजही जिवंत आहेत. ती मागे पडत आहेत ती लेखी मराठीच्या काही प्रकारांत. नवे साधन जुन्याच्या शेजारी उभे राहिले तर भाषा श्रीमंत होते. त्याने चार जुन्या भेदांना पुसून त्यांची जागा घेतली तर तिचे नुकसान होते.

‘शकणे’ सर्वत्र त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ‘अतिवृष्टीत हा उतार कोसळू शकतो’ हे वाक्य यथायोग्य आहे, कारण ते उताराचा गुणधर्म सांगते आणि वर्षानुवर्षे खरे राहते. ‘हा उतार आज रात्री कोसळेल असे दिसते’ हे त्याहून भिन्न विधान आहे. त्यात काळ आहे, पुरावा आहे, आणि गाव सोडावे की नाही या प्रश्नाचे उत्तर आहे. अकोल्याच्या दक्षिणेस जुन्नरपलीकडे आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या घटनेची आठवण ज्या डोंगरपट्ट्यात ताजी आहे, तेथे या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणाच्या तासापुरते मर्यादित राहत नाही. ‘कोसळू शकतो’ एवढेच वर्षभर ऐकणारा मनुष्य त्या वाक्याला सरावतो, आणि खऱ्या इशाऱ्यासाठी निराळे रूप शिल्लक राहत नाही.

भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी अंदाजपत्रकांत संभाव्यतेच्या चार पायऱ्या दिलेल्या असतात : २५ टक्क्यांहून कमी, २५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ टक्क्यांहून अधिक. वृत्तरूपाने मराठीत उतरताना या पायऱ्या ‘पाऊस पडू शकतो’ या एका क्रियापदात विरून जाण्याचा धोका असतो. ‘पडेलही’, ‘पडण्याचा संभव आहे’, ‘पडण्याची दाट शक्यता आहे’, ‘पडेल असे दिसते’ अशी चढती रचना मराठीत सहज उपलब्ध आहे. प्रत्येक रचनेस ठराविक टक्के चिकटविणे कृत्रिम होईल. परंतु चढउतार राखणे अशक्य नाही.

याचे एक समाधानकारक उदाहरण कायद्याच्या मराठीत सापडते. कायद्यातील ‘मे’ अधिकार देतो, संभव सांगत नाही. राज्यघटनेच्या मराठी पाठात अशा अनेक ठिकाणी ‘करता येईल’ ही रचना योजिली आहे, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतरच्या विधिविषयक मराठीतही ती परिचयाची झाली आहे. चतुर्थीतील कर्ता आणि ‘येणे’ हे क्रियापद यांमुळे हे सामर्थ्य कायद्याने दिलेले आहे, अंगचे नव्हे, हे रचनेतूनच कळते. ‘मे’ समोर दिसताच ‘शकणे’ न लिहिता त्या वाक्यात तो काय काम करतो हे पाहिल्याचे हे फळ आहे. जी दृष्टी विधीच्या भाषांतरकारांनी ठेवली, ती शिक्षण आणि वृत्तलेखन या क्षेत्रांत ठेवता न येण्याचे कारण दिसत नाही.

७

या विवेचनातून अध्यापनासाठी एक साधी पद्धती सुचते. इंग्रजी सहायक क्रियापद शिकविताना त्यास मराठी प्रतिशब्द न देता ते वाक्यात कोणत्या स्थानी आहे हे आधी विचारावे : प्रधान वाक्यात की गौण वाक्यात, गौण असेल तर संकेताच्या, हेतूच्या, भीतीच्या की विरोधाच्या. नंतर शक्यता वस्तूची आहे की बोलणाऱ्याच्या ज्ञानाची आहे ते ठरवावे. नंतर नकार कोठे लागतो ते पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मराठी रूप बहुधा आपोआप सुचते, कारण ते विद्यार्थ्याच्या बोलण्यात आधीपासूनच असते. डांगाणातील ज्या विद्यार्थ्याला ‘माइट हॅव’ अवघड वाटते, तोच घरी ‘बा आला असंल’ आणि ‘बा आला असता’ यांत कधीही चूक करीत नाही. त्याचे हे ज्ञान वर्गात भांडवल म्हणून वापरले जात नाही, एवढेच काय ते उणे.

व्याकरणलेखनाच्या बाजूने पाहता, ‘असेल’ आणि ‘असावा’ यांचा येथे दाखविलेला भेद आणखी रचनांत तपासला जाणे अवश्य आहे. प्रश्नवाक्यांत ‘कोण आला असावा?’ हे चालते, मग संकेतवाक्यात ‘आला असावा तर’ का चालत नाही, याचा उलगडा केवळ ‘अनुमान’ या शब्दाने पुरता होत नाही. ‘यायचा’ या भीतिदर्शक रूपाचा प्रदेशपरत्वे वापर, आणि ‘म्हणे’चे ‘असेल’शी होणारे संयोग, हेही स्वतंत्र अभ्यासाचे विषय आहेत. असा अभ्यास इंग्रजीच्या सहायक क्रियापदांची यादी समोर ठेवून केला तर तो पुन्हा ‘शकणे’पाशीच येऊन थांबेल. मराठी मिश्र वाक्यांची पुरेशी उदाहरणे बोलीतून गोळा करून, त्यांच्यापासून आरंभ केला पाहिजे.